मे, जून, नोव्हेंबर

2016 ते 2022 या वर्षांत मी सीएची फायनल, जोखीम व्यवस्थापनाच्या एफआरएमचे दोन्ही भाग आणि गुंतवणूक विश्लेषणाच्या सीएफएच्या तिन्ही लेव्हल्स दिल्या. हा सगळा काळ मी मुंबईतल्या एका कर्ज देणाऱ्या कंपनीच्या क्रेडिट रिस्क विभागात पूर्णवेळ नोकरी करत होते. हे जमलं कसं, असं विचारणाऱ्यांना बहुतेकदा मी पहाटे किती वाजता उठायचे, एवढंच ऐकायचं असतं. पहाटे उठावं लागायचंच. पण मागे वळून पाहताना मला तासांपेक्षा महिनेच जास्त आठवतात.

तेव्हा सीए फायनल मे आणि नोव्हेंबरमध्ये व्हायची. एफआरएमही याच दोन महिन्यांत, तिसऱ्या शनिवारी. सीएफएची लेव्हल वन जून आणि डिसेंबरमध्ये, वरच्या दोन लेव्हल्स फक्त जूनमध्ये. आता यावर ऑफिसचं वर्ष ठेवून पाहा. एप्रिलमध्ये वार्षिक क्लोजिंग, तरतुदींचे आकडे, ऑडिटरांचे प्रश्न. ऑक्टोबरमध्ये सहामाही निकाल. म्हणजे उजळणीचे नेमके महिने ऑफिसात रात्री उशिरापर्यंत बसण्याचे. सीएफए इन्स्टिट्यूट एका लेव्हलसाठी साधारण 300 तास धरते. सहा महिन्यांत वाटले तर आठवड्याला बारा तासही होत नाहीत, आणि नोकरी करणाऱ्या माणसालाही ते झेपण्यासारखं वाटतं. मात्र हे तास आठवड्यांवर सारखे पसरत नाहीत. जानेवारी-फेब्रुवारीत जो अभ्यास संपवत नाही, त्याला एप्रिल काहीही देत नाही.

सीएचा दुसरा ग्रुप राहिला असतानाच मी एफआरएमचा फॉर्म भरायला निघाले होते. ऑफिसातल्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी थांबवलं. सरकारी बँकेच्या शाखेत कॅश सांभाळत त्यांनी जेएआयआयबी आणि सीएआयआयबी या बँकिंगच्या परीक्षा केल्या होत्या. ते म्हणाले, "अगं, आधी एक पदरात पाडून घे. दोन डगरींवर पाय ठेवून कोणी पलीकडे गेलेलं मी पाहिलं नाही." मी एफआरएम वर्षभर पुढे ढकललं. त्या वर्षांतला माझ्या सगळ्यात उपयोगी पडलेला निर्णय हाच. सीएत प्रत्येक पेपरला 40 आणि ग्रुपला सरासरी 50 टक्के लागतात. एखाद्या विषयात 38 पडले, तर बाकीच्या विषयांत 70 असले तरी ग्रुप निघत नाही. अशा परीक्षेसोबत दुसरी परीक्षा ठेवायला जागाच नसते. दुसरा ग्रुप नोव्हेंबर 2017 मध्ये निघाला आणि मग मी पुढचा फॉर्म भरला.

2018 चं वर्ष मात्र मी विसरणार नाही. त्या एप्रिलपासून मोठ्या बिगरबँक वित्त कंपन्यांना इंड एएस हे हिशेबाचे नवे नियम लागू झाले. कर्ज थकल्यावर तरतूद करण्याऐवजी पुढे किती थकेल याचा अंदाज बांधून आधीच तरतूद करायची होती. कर्जदार बुडण्याची शक्यता, बुडाल्यावर होणारं नुकसान, त्या वेळी येणे असलेली रक्कम हे तीन आकडे दिवसभर माझ्या स्क्रीनवर असायचे आणि रात्री एफआरएमच्या पुस्तकात तेच तीन. डोंबिवलीच्या अभ्यासिकेत माझ्या आजूबाजूला एमपीएससीची मुलं बसलेली असायची. तिथे सूत्र वाचताना सकाळी ज्याची फाइल पाहिली तो कर्जदार डोळ्यांपुढे यायचा. नोकरी अभ्यासाचा वेळ खाते हे खरंच आहे. पण त्या वर्षी नोकरीनेच मला अभ्यास समजावून दिला, हेही तितकंच खरं.

सप्टेंबरमध्ये आयएल अँड एफएस ही बडी वित्त कंपनी कोसळली. समूहावर 90 हजार कोटींहून जास्त कर्ज, आणि रेटिंग काही आठवड्यांत ट्रिपल ए वरून डी वर. रेटिंग बदलांच्या तक्त्यात ट्रिपल ए कंपनी वर्षभरात बुडण्याची शक्यता जवळपास शून्य असते. तो तक्ता मी आदल्याच आठवड्यात पाठ केला होता. नोव्हेंबरच्या परीक्षेत तक्त्यावर प्रश्न आला असता, तर उत्तर तक्त्याप्रमाणेच द्यायचं होतं. ऑफिसात मात्र आम्ही त्या तक्त्यावर विसंबणं सोडलं होतं. पुस्तकातला आकडा कोणत्या गृहीतकावर उभा आहे हे शोधायची सवय मला तेव्हा लागली.

पुढे सीएफएच्या अभ्यासात हिशेबाच्या नियमांनीही बराच त्रास दिला. वित्तीय नसलेल्या कंपनीने भरलेलं व्याज रोख प्रवाहाच्या पत्रकात इंड एएसप्रमाणे वित्तपुरवठ्याच्या भागात जातं, अमेरिकी नियमांनुसार ते कामकाजाच्या भागात येतं. ऑफिसात कर्जदार कंपनीचं पत्रक एका पद्धतीने वाचायचं आणि लेव्हल वनच्या प्रश्नात तेच दुसऱ्या पद्धतीने. पण यामुळेच एखादी कंपनी रोख कमावते असं नुसतं ऐकून माझं समाधान होईनासं झालं. ती रोख कुठल्या नियमाने मोजली, हे मी आधी पाहते.

मग 2020 आलं. करोनामुळे जूनची लेव्हल टू रद्द झाली. 27 मार्चला रिझर्व्ह बँकेने हप्त्यांना मुदतवाढ दिली आणि आमच्या विभागाचं काम कितीतरी वाढलं, कारण जो हप्ता भरायचाच नाही, तो थकला असं मोजायचं कसं? 20 एप्रिलला अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा उणे 37.63 डॉलरवर बंद झाला आणि आपल्याकडे एमसीएक्स या वायदे बाजारात सौदे उणे 2,884 रुपयांना मिटले. आम्ही ब्रोकिंग कंपन्यांना कर्जं दिलेली होती, त्यामुळे ती रात्र फोनवर गेली. आणि मी अभ्यासत होते ते ऑप्शनचं मॉडेल मुळात किंमत शून्याखाली जाऊच शकत नाही असं धरून चाललेलं होतं.

घर नसतं तर यातलं काहीच झालं नसतं. सहा वर्षं स्वयंपाकघर आईने सांभाळलं. मला ते कधी मागावं लागलं नाही. माझ्याबरोबर सुरुवात केलेल्या मैत्रिणींपैकी ज्यांना लग्नानंतर असं घर मिळालं नाही, त्यांच्या लेव्हल्स अर्ध्यावर राहिल्या. त्यांची बुद्धी माझ्यापेक्षा तसूभरही कमी नव्हती. यशाच्या मुलाखतींमध्ये शिस्तीचं कौतुक होतं आणि ही बाजू वगळली जाते, याचा मला मनापासून राग येतो.

सीएफए 2021 मध्ये संगणकावर गेली. त्या जुलैत लेव्हल वनला अवघे 22 टक्के उमेदवार पास झाले, ऑगस्टमध्ये लेव्हल टूला 29 टक्के. त्या 29 टक्क्यांत मी होते. लेव्हल थ्री त्यापुढच्या वर्षी झाली.

आता तारखा वाढल्या आहेत. लेव्हल वन वर्षातून चारदा होते आणि 2025 मध्ये सीए फायनलही जानेवारी, मे आणि सप्टेंबर अशी वर्षातून तीनदा घ्यायचं ठरलं. संधी वाढली हे चांगलंच. पण 30 सप्टेंबर हीच टॅक्स ऑडिटची ठरलेली मुदत असते, आणि सीए फर्ममध्ये काम करत पेपर देणाऱ्या मुलांनी त्या महिन्यात काय करावं, याचं उत्तर वेळापत्रकात नाही. ते त्यांच्या वरिष्ठांनाच द्यावं लागेल. माझ्या विभागात आज जी मुलं परीक्षा देतात, त्यांच्या तारखा मी वर्षाच्या सुरुवातीलाच मागून घेते आणि क्लोजिंगची कामं त्या पाहून वाटते. पेपरआधीच्या दहा दिवसांत त्यांना ऑफिसमधून कोणी फोन करायचा नाही. फाइल अडली, तर ती माझ्याकडे येते.