गव्हावरील करपा व बुरशीच्या घराण्याचा शोध

सन 2016 च्या फेब्रुवारींत बांगलादेशांतील सुमारें 15,000 हेक्टर गहूं करपा रोगास बळी पडला. दुरून पाहणारास पीक लवकर पिकलें असें वाटावें. परंतु पांढरी पडलेली ओंबी हातांत घ्यावी, तों आंत दाणा नाहीं, किंवा असलाच तर सुरकुतलेला. ओंबीच्या दांड्यावर बुरशी जेथें ठाण मांडते, तेथून वरचा भाग अन्नरसावांचून वाळतो. हें चिन्ह दिसेपर्यंत फवारणीची वेळ टळून गेलेली असते.

हा रोग प्रथम 1985 सालीं ब्राझीलच्या पाराना प्रांतांत आढळला. मग तो बंगालच्या भूमींत कोठून उपजला? भातावरील करपा आमच्या कोंकणांतील वाचकांच्या परिचयाचा आहे. तोही याच जातीच्या बुरशीमुळें होतो, आणि बांगलादेशांत तर चहूंकडे भातच. भातावरील बुरशीच गव्हावर उतरली, असा तर्क कोणीही केला असता. तो खरा ठरता, तर खाचराशेजारीं गहूं पेरणेंच धोक्याचें झालें असतें.

हा भेद सूक्ष्मदर्शकानें सुटत नाहीं. म्हणून शास्त्रज्ञांनीं रोगट पानें शेतांतून आणून त्यांतील बुरशीचा आनुवंशिक लेख वाचला. या संपूर्ण लेखास जीनोम म्हणतात. या बुरशीचा जीनोम सुमारें चार कोटी अक्षरांचा आहे. पोथीची नक्कल करतांना लेखकाच्या हातून चुका होतात व पुढील नकलांत त्या तशाच उतरतात. त्यावरून कोणती पोथी कोणत्या पोथीवरून उतरली हें जाणते ओळखतात. येथेंही तोच प्रकार. हा लेख भातावरील बुरशीशीं जुळला नाहीं. तो दक्षिण अमेरिकेंतील गव्हावरील बुरशीशीं जुळला. रोग बाहेरून आला होता.

सन 2023 मध्यें प्रसिद्ध झालेल्या संशोधनांत बांगलादेश व आफ्रिकेंतील झांबिया येथील रोग एकाच घराण्याचा, परंतु दोन्हीं ठिकाणीं स्वतंत्रपणें पोहोंचलेला, असें दिसून आलें. घराणें एकच असल्यामुळें त्याचें वर्मही एकच असतें: गव्हांतील आर-एम-जी-8 हा जीन त्यास रोखतो. मात्र औषधास दाद न देणारी संतति या घराण्यांत उपजूं शकते, हेंही प्रयोगांत आढळलें. केवळ फवारणीवर भिस्त ठेवणें आम्हांस पटत नाहीं.

बांगलादेशानें 2017 सालीं ‘बारी गम 33’ हें प्रतिकारक वाण प्रसृत केलें. त्याची शक्ति गव्हाच्या एका रानटी सोयऱ्याकडून आलेल्या गुणसूत्राच्या तुकड्यांत आहे. त्याच वर्षीं आपल्याकडे नदिया व मुर्शिदाबाद जिल्ह्यांत गहूं पेरण्यास मनाई करण्यांत आली. रोग बियाण्यांतूनही पसरतो. सबब रोगट भागांतील गहूं, दाणा कितीही टपोरा दिसला तरी, बियाण्यासाठीं घेऊं नये.