हिमालयाची खरी चढण शेवटच्या दिवशी

अक्षय्य तृतीयेच्या सुमारास चारधामची दारे उघडतात. त्याआधी महिनाभर शिरूरच्या माझ्या दवाखान्यात 'यात्रेसाठी तब्येत ठीक असल्याचा दाखला द्या' म्हणून मंडळी येऊ लागतात. घोडनदीकाठची असोत वा दौंडकडची, बहुतेकांनी साठी ओलांडलेली असते. काही वर्षांपूर्वी अशाच एका निवृत्त शिक्षिकेचा रक्तदाब मोजून, छाती तपासून मी निःशंकपणे सही केली. कोणत्या रात्री कोठे मुक्काम आहे, हे मात्र विचारले नाही. ती चूक माझी. केदारनाथी पहिल्याच रात्री त्यांचे डोके ठणकू लागले, उलटी झाली. दगदग झाली असेल म्हणून सोबतच्यांनी झोपवले. पहाटे उठल्या तेव्हा पाऊल सरळ पडेना आणि सुनेचे नाव आठवेना. मुलाने डोलीतून तातडीने खाली आणले, तेथे प्राणवायू व औषधे मिळाली आणि दोन दिवसांत त्या सावरल्या.

वाचकहो, यात पर्वताची रचना समजून घेण्यासारखी आहे. आपला मुलूख समुद्रसपाटीपासून पाचशे-सहाशे मीटर उंचीवरचा, बहुतांशी सपाट. आपल्या भीमा आणि घोड या नद्या सह्याद्रीत जेथे उगम पावतात, त्या परिसरातले भीमाशंकरही हजार मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर. हिमालयाचे मोजमापच निराळे. भारतीय भूखंड आशियाला भिडल्यापासून, म्हणजे सुमारे पाच कोटी वर्षे, ही भूमी घड्या पडत वर उचलली जात आहे. दक्षिणेकडून जाताना आधी शिवालिकच्या टेकड्या, मग मधला हिमालय आणि शेवटी बर्फाच्छादित हिमाद्री. चारही धामे या शेवटच्या पायरीवर, हिमनद्यांच्या आसपास वसलेली आहेत.

आणि फसगत येथेच होते. रस्ता नदीच्या खोऱ्यातून जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंना डोंगर दिसले तरी आपण स्वतः फारसे चढत नसतो. हरिद्वार सुमारे तीनशे मीटरवर, गुप्तकाशी तेराशेवर. दोनशे किलोमीटरच्या प्रवासात चढ जेमतेम हजार मीटर. पुढे गौरीकुंड दोन हजारांच्या जवळ. तेथून केदारनाथ अवघे सोळा-सतरा किलोमीटर, पण उंची ३,५८३ मीटर! समुद्रकिनाऱ्यावरून कळसूबाईच्या माथ्यावर जावे एवढी ही चढण एका दिवसात होते, आणि तीही दोन हजार मीटरवर उभे राहून सुरू होते. बद्रीनाथाला तर चालावेही लागत नाही. जोशीमठहून, म्हणजे सुमारे १,८९० मीटरवरून, बस काही तासांत तीन हजार शंभरच्या वर नेऊन सोडते.

उंचावर हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेच, एकवीस टक्के राहते. हवेचा दाब मात्र घटतो, म्हणून केदारनाथी एका श्वासात समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांशच प्राणवायू मिळतो. शरीर याला सरावते, पण त्यासाठी दिवस लागतात. हेलिकॉप्टरने गुडघ्यांचे कष्ट वाचतात, फुप्फुसांना मात्र तो अवधीही मिळत नाही. तुकोबांच्या पालखीबरोबर यवत-वरवंडची वाट आनंदाने तुडवणारे वारकरी मला सांगतात, 'आम्हाला चालण्याची सवय आहे.' पायांना आहे, हे खरे. पण सपाटीवरच्या चालण्याने विरळ हवेची सवय होत नाही. गळ्यात कापराची पुरचुंडी बांधणाऱ्यांचे मन मी मोडत नाही, फक्त तिने प्राणवायू वाढत नाही एवढे सांगतो.

तीन हजार मीटरच्या वर रोजच्या मुक्कामाची उंची तीनशे ते पाचशे मीटरहून अधिक वाढू नये, असा वैद्यकीय संकेत आहे. यात्रेत तो काटेकोर पाळणे कठीण, म्हणून निदान गुप्तकाशी आणि गौरीकुंड-सोनप्रयाग येथे एकेक रात्र अधिक काढावी. बद्रीनाथाचे दर्शन घेऊन संध्याकाळी जोशीमठला उतरता येते, तसे उतरावे. वर दर्शन, खाली झोप.

सोबत जाणाऱ्या मुला-सुनांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी: उंचावर नव्याने सुरू झालेली डोकेदुखी आणि मळमळ ही उंचीचीच समजावी, आणखी वर जाऊ नये. बसल्या जागी धाप लागणे, खोकल्यातून गुलाबी फेस येणे, चालताना झोकांड्या जाणे, बोलण्यात असंबद्धता येणे, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब खाली उतरवावे. रात्र असली तरी त्याच क्षणी मदत मागावी. प्राणवायूचा डबा उतरण्याच्या वाटेपुरता, उतरण्याऐवजी नव्हे. झोपेची गोळी आणि मद्य दोन्ही वर्ज्य. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी, दम्याचा किंवा फुप्फुसांचा जुना आजार असणाऱ्यांनी, रक्त कमी असणाऱ्यांनी आधी तज्ज्ञांची संमती घ्यावी. उंचीच्या त्रासासाठी मिळणारी गोळी मूत्रपिंडाचे दुखणे असणाऱ्यांना घातक ठरू शकते. शेजाऱ्याने नेली म्हणून आपण नेऊ नये. इन्सुलिन गोठल्यास निकामी होते, म्हणून ते अंगावरच्या कपड्यांच्या आत बाळगावे. आपल्याकडच्यापेक्षा केदारनाथी सुमारे वीस अंश गारवा अधिक असतो.

त्या बाई गेल्या महिन्यात पुन्हा आल्या होत्या. बद्रीनाथाला जायचे म्हणाल्या. मी रक्तदाबाच्या पट्ट्याला हात लावण्याआधी त्यांनीच पिशवीतून मुक्कामांची यादी काढून माझ्यापुढे ठेवली. जोशीमठसमोर दोन रात्री लिहिल्या होत्या.