पत्ता कोणत्या जाळ्यातला?

अकोल्याच्या मुख्य टपाल कार्यालयाचा पिनकोड ४४४००१. त्याच शहराला लागून असलेल्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा ४४४१०४. अमरावतीच्या मुख्य टपाल कार्यालयाचा ४४४६०१ आणि संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाचा ४४४६०२. डावीकडचे तीनच आकडे जुळवले, तर ही चारही ठिकाणे एका गटात येतात. चार आकडे जुळवले, की अमरावतीची जोडी टिकते, पण कृषी विद्यापीठ अकोल्याच्या मुख्य कार्यालयापासून वेगळे पडते. पत्ते बदललेले नाहीत. डावीकडून किती आकडे जुळवायचे, एवढेच बदलले.

ही पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या संस्कृत पंडित असलेल्या अधिकाऱ्याने. १५ ऑगस्ट १९७२ पासून ती देशभर लागू झाली. एकाच नावाची अनेक गावे आणि नाना लिपींत लिहिलेले पत्ते यांच्यातून टपालाची वाट काढायची होती. दूरच्या कार्यालयाला सुरुवातीचे आकडे पुरतात; पत्र जवळ येत जाईल तसे उजवीकडचे आकडे कामाला येतात. इंटरनेटवरचा प्रत्येक संदेश याच रीतीने आपली वाट शोधतो.

आयपी पत्ता आपल्याला २०३.०.११३.१०० असा दिसतो. ठिपक्यांनी तोडलेले हे चार आकडे माणसांच्या सोयीसाठी आहेत. यंत्राला दिसते ती शून्य आणि एक यांची ३२ घरांची सलग ओळ. १९८१ साली ठरलेल्या या रचनेत एकूण ४,२९,४९,६७,२९६ पत्ते मावतात. ओळीचा डावा भाग जाळे सांगतो, उजवा भाग त्या जाळ्यातले यंत्र. मग डावा भाग संपतो कुठे? आधी याला तीनच ठरीव मापे होती. जाळे २५६ पत्त्यांचे, ६५,५३६ पत्त्यांचे, नाहीतर १,६७,७७,२१६ पत्त्यांचे. तीनशे संगणकांच्या महाविद्यालयाला पहिले माप अपुरे पडे आणि दुसरे घेतले तर पासष्ट हजार पत्ते पडून राहत. १९९३ मध्ये ही ठरीव मापे सुटली. काप ३२ घरांत कुठेही घेता येऊ लागला, आणि तो कुठे घेतला हे सांगायला पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन आकडा लिहायची रीत आली.

उदाहरण करून पाहू. एका जाळ्याचा पट्टा २०३.०.११३.६४/२६ असा दिला आहे. (हा पट्टा पाठ्यपुस्तकांतल्या उदाहरणांसाठीच राखून ठेवलेल्या पत्त्यांतला आहे.) रेघेपुढचा २६ म्हणजे डावीकडची २६ घरे तंतोतंत जुळली पाहिजेत, उरलेल्या सहा घरांत काहीही चालेल. सहा घरांत ६४ पत्ते बसतात, म्हणून पट्टा ६४ ते १२७ असा झाला. पहिले तीन आकडे मिळून २४ घरे होतात आणि ती सारखीच आहेत, तेव्हा शेवटच्या आकड्याची पहिली दोन घरे तेवढी पाहायची. १०० हा आकडा द्विमान पद्धतीत ०११००१००. त्याची पहिली दोन घरे ०१. पट्ट्याच्या ६४ चीही ०१. म्हणजे १०० आतला. आता १३० घ्या. तो द्विमान पद्धतीत १०००००१०. पहिली दोन घरे १०, म्हणून तो बाहेरचा.

संगणक यासाठी मास्क वापरतो: डावीकडे २६ एक आणि पुढे सहा शून्ये. पत्त्यावर हा मास्क ठेवून प्रत्येक घराचा गुणाकार केला, की एकाखालचे टिकते, शून्याखालचे पुसले जाते. उरलेला आकडा जाळ्याच्या आकड्याशी जुळला तर पत्ता त्या जाळ्यातला. आठवीतल्या मुलालाही वहीत करता येईल असे हे गणित आहे, आणि शाळेत ते जरूर करून घ्यावे. जगभरचे राउटर प्रत्येक संदेशासाठी असाच ताळा पाहतात. एकाहून अधिक पट्टे जुळले तर ज्याची जास्त घरे जुळतात त्याचे ऐकले जाते.

गडबड होते ती पत्ता मजकूर म्हणून वाचला की. १०.१ ने सुरू होणारे सगळे आपले, असे अक्षरे जुळवून ठरवले, तर १०.१७ चे परके जाळेही आत शिरते. आणखी कपटी चूक मार्च २०२१ मध्ये उजेडात आली. ‘नेटमास्क’ नावाची, हेच काम करणारी एक लोकप्रिय प्रोग्रॅम-लायब्ररी आकड्याच्या आधीचे शून्य दुर्लक्षून टाकत होती. अनेक प्रणालींत आधी शून्य असलेला आकडा अष्टमान पद्धतीने वाचतात, म्हणून ०१७७.०.०.१ म्हणजे १२७.०.०.१, संगणकाचा स्वतःचाच पत्ता. नेटमास्कला तो १७७ ने सुरू होणारा बाहेरचा पत्ता वाटे. दारावरच्या तपासणीतच खोट निघाली होती.

पिनकोडशी असलेले साम्य मात्र इथे संपते, आणि हे समजून घेणे मला सर्वांत गरजेचे वाटते. पिनकोड जमिनीला चिकटलेला असतो. आयपी पत्ता जाळ्याच्या मालकाचा असतो. अमरावतीत बसून मोबाइलवर एखादे संकेतस्थळ उघडले आणि ‘तुम्ही मुंबईत आहात’ असे दिसले, तर तो पट्टा कंपनीच्या नावावर दुसऱ्या शहरात नोंदलेला असतो. अमरावतीच्या राजकमल चौकातल्या घरचा राउटर आणि अकोल्याच्या जठारपेठेतल्या घरचा राउटर, दोघेही आतल्या यंत्रांना १९२.१६८ ने सुरू होणारे तेच पत्ते वाटतात, कारण ते खासगी वापरासाठी राखलेले आहेत. शिवाय नवे पत्ते संपत आल्याने कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटतात. नुसत्या पत्त्यावरून माणूस ठरवता येत नाही. नेमकी वेळ आणि जोडणी ओळखण्याचा पोर्ट क्रमांकही लागतो. हे न पाहता कोणावर बोट ठेवणे अन्यायाचे आहे.

तरीही ज्ञानाची दारे याच ताळ्यावर उघडतात. शोधपत्रिकांचे प्रकाशक विद्यापीठाच्या जाळ्याचे पट्टे नोंदवून घेतात आणि त्या पट्ट्यातून आलेल्या वाचकाला लेख दाखवतात. केंद्रीय मंत्रिमंडळाने २५ नोव्हेंबर २०२४ रोजी ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० शोधपत्रिका आणि केंद्र व राज्य शासनांच्या ६,३०० हून अधिक संस्था असा तिचा आवाका आहे. गुलाबी बोंडअळीवर काम करणाऱ्या वऱ्हाडातल्या संशोधकासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण हाच संशोधक सुटीत धारणीला घरी गेला आणि मोबाइल डेटावर तोच लेख उघडू लागला, तर त्याचा पत्ता मोबाइल कंपनीच्या पट्ट्यातला असतो. संकेतस्थळ पैसे मागते. संशोधक तोच, हक्क तोच, जाळे तेवढे वेगळे.

यावर तोड आहे. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची ‘इन्फेड’ ही व्यवस्था संस्थेच्या लॉगिनवरून वाचकाला ओळखते, मग तो कुठल्याही जाळ्यात असो. संस्थांनीही दोन गोष्टी सांभाळायला हव्यात. इंटरनेट पुरवणारी कंपनी बदलली की पट्टे बदलतात, तेव्हा प्रकाशकांकडची नोंद त्याच आठवड्यात बदलावी. आणि १२८ घरांचे नवे आयपीव्ही६ पत्ते सुरू केले असतील, तर तेही पट्टे कळवावेत. नाहीतर विद्यार्थी आवारात बसूनही परका ठरतो. ज्यांच्या संस्थेला ही योजना लागू आहे, त्या विद्यार्थ्यांनी ग्रंथपालांना भेटून घरून वाचण्याचे लॉगिन मागून घ्यावे.