पैनगंगेच्या वळणावरचं माहूर

पालमहून लोहा, नांदेड करत आम्ही माहूरला जातो. आमच्याकडच्या कितीतरी घरांत रेणुका ही कुलस्वामिनी. दर्शन, ओटी, कुटलेल्या विड्याचा तांबूल, वेळ उरलाच तर दत्तशिखर आणि अनसूया, की गाडी परत फिरते. शेजारच्या डोंगरावरची रामगडाची तटबंदी लांबूनच दिसते. माहूरवर सत्ता कोणाची, हे मात्र शतकानुशतकं त्या तटाच्या आत ठरत आलं.

पायथ्याची पांडवलेणी राष्ट्रकूटांच्या काळातली. खाली खोल दरीतून पैनगंगा वळसा घालते, पलीकडे वऱ्हाड. ज्याच्या हाती गड, त्याच्या हाती नदीचे उतार. म्हणून तर बहमनी वजीर महमूद गवानाने 1480 च्या सुमारास वऱ्हाडचे दोन भाग पाडले, तेव्हा एकाचं ठाणं गाविलगड आणि दुसऱ्याचं माहूर झालं. पुढे बापाविरुद्ध बंड केलेला खुर्रम, म्हणजे नंतरचा शाहजहान, 1623 मध्ये याच वाटेने गोवळकोंड्याकडे निसटला. हत्ती आणि जड सामान त्याने इथे माहूरचा जहागीरदार उदाराम याच्या हवाली केलं.

त्याच उदाराम घराण्यातली सावित्रीबाई. औरंगजेबाने तिला ‘रायबागन’, म्हणजे राजवाघीण, हा किताब दिला. 1661 साली उंबरखिंडीत मोगल सरदार कारतलबखानाची फौज शिवाजी महाराजांच्या कचाट्यात सापडली, तेव्हा शरण जाण्याचा शहाणा सल्ला तिचाच होता. ती मोगलांच्या बाजूने होती, म्हणून आपण तिला एका प्रसंगापुरतीच आठवतो. मला हे खटकतं. मराठी मुलुखातल्या एका बाईने त्या काळी वतन राखलं, फौज चालवली; तिच्या गावी तरी तिची नीट ओळख सांगायला हवी.

1853 मध्ये वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगा सरहद्द झाली. माहूर निजामाकडे राहिलं, पुढे आदिलाबाद जिल्ह्यात गेलं. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट तालुक्याबरोबर ते नांदेड जिल्ह्यात आलं.

आज गडावर हत्ती दरवाजा आहे, तलाव आहे, ढासळत चाललेल्या भिंती आहेत, झाडोऱ्यात हरवलेल्या वाटा आहेत. डागडुजी तुकड्यातुकड्यांनी होते. तेवढ्याने हा गड टिकणार नाही.

पुढच्या वेळी आईचं दर्शन झालं की दोन तास हाताशी ठेवा. हत्ती दरवाजातून आत जा, लेकरांना तटापर्यंत न्या, खालची पैनगंगा दाखवा आणि रायबागनचं नाव सांगा.