रायगडाची नगररचना व वास्तुशिल्प

रायगडाची नगररचना व वास्तुशिल्प : छत्रपती शिवाजी महाराजांच्या राजधानीतील तटबंदी, जलाशय, राजवाडा, पेठ व मंदिरे यांची एकत्रित मांडणी. रायगड हा डोंगरी किल्ला रायगड जिल्ह्याच्या महाड तालुक्यात, महाडच्या उत्तरेस सु. २५ किमी.वर असून त्याची समुद्रसपाटीपासून उंची सु. ८२० मी. आहे. काळ व गांधारी या नद्यांच्या खोऱ्यांनी तो सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून अलग झाला आहे. सावित्री नदीवरील महाडचे बंदर, भोरकडे जाणारा वरंधा घाट आणि पोलादपूरहून महाबळेश्वराकडे चढणारा मार्ग या सर्वांवर येथून लक्ष ठेवता येई. चंद्रराव मोरे यांच्याकडून १६५६ मध्ये हा डोंगर, म्हणजे त्या वेळचा रायरी, शिवाजी महाराजांनी घेतला. पुढे राजगडावरील राजधानी येथे हलविण्यात आली आणि ६ जून १६७४ रोजी येथेच राज्याभिषेक झाला.

तटबंदीयुक्त नगराची सर्वपरिचित प्रतिमा भूमध्य समुद्राच्या परिसरातील आहे. एड्रिॲटिक किनाऱ्यावरील दुबरोव्हनिक हे त्याचे ठळक उदाहरण. त्या नगराभोवती सु. १,९४० मी. लांबीचा सलग तट असून आत दगडी घरांच्या दाट रांगा आहेत. १६६७ च्या भूकंपानंतर हे नगर मोठ्या प्रमाणावर पुन्हा बांधण्यात आले. म्हणजे त्याची पुनर्रचना आणि रायगडाची उभारणी जवळजवळ समकालीन होत. तथापि दोन्ही ठिकाणांचे आजचे रूप अगदी भिन्न आहे. दुबरोव्हनिकमध्ये घरे उभी आहेत व लोक त्यांत राहतात. रायगडावर मुख्यतः जोती, पायऱ्या, दरवाजे आणि पाण्याची टाकी व तलाव उरले आहेत. या अवशेषांवरून नगराची कल्पना कशी करावयाची, हा रायगडाच्या वास्तूंच्या अभ्यासातील मूलभूत प्रश्न होय.

तटबंदी व प्रवेश : रायगडाचा खरा तट म्हणजे त्याचा कडा. डोंगराच्या बहुतेक बाजूंस काळ्या बेसाल्ट खडकाचे उभे कडे असल्याने सर्व बाजूंनी भिंत बांधण्याची आवश्यकता भासली नाही. जेथे उतार चढण्याजोगा आहे तेथेच बांधकाम आढळते. महादरवाज्याच्या एका अंगाने टकमक टोकापर्यंत व दुसऱ्या अंगाने हिरकणी टोकापर्यंत गेलेला तट हे याचे उत्तम उदाहरण आहे. महादरवाजा दोन भव्य बुरुजांच्या आड असून त्यांची उंची सु. २० ते २३ मी. आहे. वाट बुरुजांना वळसा घालून दरवाज्यावर येते. त्यामुळे तो दुरून दिसत नाही आणि समोरून त्यावर तोफ डागता येत नाही. आतील बाजूस पहारेकऱ्यांच्या देवड्या आहेत. राज्याभिषेकासाठी आलेला इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन याला एवढ्या अवघड वाटेने हत्ती वर कसे आणले असतील, याचे नवल वाटले होते.

जलव्यवस्था : महाडच्या परिसरात वर्षाकाठी सु. ३,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. परंतु तो बहुतांशी चार महिन्यांतच पडतो आणि उघड्या कातळावरून वाहून जातो. उरलेल्या आठ महिन्यांसाठी पाणी साठविणे, ही डोंगरमाथ्यावर वसविलेल्या नगराची पहिली गरज होती. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात (सु. १७१५) गड बांधण्यापूर्वी पाण्याची खात्री करून घ्यावी आणि पाणी नसल्यास खडक फोडून तळी व टाकी करावीत, असे सांगितले आहे. रायगडावरील गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त आणि खडकात खोदलेली अनेक टाकी या धोरणाची साक्ष देतात. तळ्यासाठी फोडलेला दगड बांधकामास वापरण्याची दुर्गबांधणीतील पद्धत होती. त्यामुळे खोदकाम व उभारणी ही एकाच कामाची दोन अंगे ठरत.

राजवाडा व राजसभा : गंगासागराच्या काठी दोन द्वादशकोनी मनोरे असून त्यांचे खालचे मजले आज शिल्लक आहेत. जवळच्या पायऱ्या पालखी दरवाज्यातून बालेकिल्ल्यात नेतात. तेथून मेणा दरवाज्याकडे जाणाऱ्या मार्गालगत राणीवशाच्या महालांच्या जोत्यांची ओळ असून त्यांत शौचकूप व सांडपाणी वाहून नेण्याची सोय आढळते. राजसभेचे आवार सु. ६७ मी. लांब व ३८ मी. रुंद आहे. सिंहासनाचा चौथरा पूर्वाभिमुख असून त्याच्या समोर नगारखान्याचे भव्य प्रवेशद्वार आहे. सिंहासनाच्या जागी हळू बोललेले शब्द नगारखान्यापाशी ऐकू येतात.

पेठ : नगारखान्यातून बाहेर पडल्यावर होळीचा माळ लागतो. त्यापुढे समोरासमोर दोन लांब रांगा असून प्रत्येकीत २२ घरे आहेत व त्यांच्या मधून सु. १२ मी. रुंदीचा रस्ता जातो. ही बाजारपेठ म्हणून ओळखली जाते. उंच जोत्यांमुळे घोड्यावर बसूनच खरेदी करता येत असे, अशी लोकसमजूत आहे. तथापि उंच जोत्याचे सरळ कारण कोकणच्या पावसातही शोधता येते. शिवाय दर्शनी खोली व तिच्यामागे आतील खोल्या, ही मांडणी दुकानाला जशी योग्य, तशीच कचेरीला किंवा निवासालाही योग्य ठरते. केवळ जोत्यावरून इमारतीचा उपयोग निश्चित करता येत नाही, हे येथे विशेष जाणवते.

जगदीश्वर मंदिर : पेठेच्या पुढे असलेल्या या मंदिरावर घुमट असून बाहेरून त्याची घडण तत्कालीन मुसलमानी वास्तूंची आठवण करून देते. समोर शिवाजी महाराजांची अष्टकोनी समाधी आहे. ३ एप्रिल १६८० रोजी त्यांचे गडावर निधन झाले. मंदिराच्या पायरीवर हिरोजी इंदुलकर यांच्या सेवेचा उल्लेख आहे. शके १५९६ (१६७४) मधील संस्कृत शिलालेखात हिरोजींनी निर्माण केलेल्या वास्तूंची गणना आढळते. तीत विहिरी व तलाव प्रथम येतात, राजमंदिरे नंतर; आणि चंद्रसूर्य असेपर्यंत हे सारे नांदो, अशी आकांक्षा शेवटी व्यक्त होते.

ऱ्हास व जतन : १६८९ मध्ये किल्ला मोगलांच्या हाती गेला, पुढे १७३३ मध्ये तो मराठ्यांनी परत मिळविला. मे १८१८ मध्ये लेफ्टनंट कर्नल प्रॉथर याच्या इंग्रज सैन्याने समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून तोफांचा मारा केला. त्यात आग लागून वाडा व घरे जळाली. इमारतींचे वरचे भाग प्रामुख्याने लाकडी असल्याने ते नष्ट झाले. दगडी जोती मात्र टिकली. १८९६ मध्ये लोकमान्य टिळकांच्या पुढाकाराने गडावर उत्सव भरला आणि समाधीच्या जीर्णोद्धारास चालना मिळाली. विसाव्या शतकात तीवर छत्री उभारण्यात आली. ११ जुलै २०२५ रोजी जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या मराठा लष्करी भूदृश्यांच्या बारा किल्ल्यांत रायगड आहे.

जळालेला वाडा पुन्हा उभारावा, असा विचार वेळोवेळी मांडला जातो व त्यामागील भावना समजण्यासारखी आहे. परंतु छपरांची उंची, खांबांची घडण व मजल्यांची मांडणी यांविषयीचा पुरावा तुटपुंजा आहे. अशा स्थितीत केलेली उभारणी आजच्या कल्पनेची वास्तू ठरेल. शिवाय तिच्या पायाखाली जोत्यांमधील मूळ पुरावा कायमचा झाकला जाईल. उलट तलावांतील गाळ काढणे, गळती थांबविणे, पाण्याच्या वाटा मोकळ्या करणे आणि जोत्यांचे सांधे सांभाळणे या कामांना प्रत्यक्ष अवशेषांचाच आधार आहे. शिलालेखाने ज्यांना पहिले स्थान दिले, ते जलाशय आगीतून व उपेक्षेतूनही टिकून राहिले आहेत. या नगराची बुद्धी ज्या रचनेत सर्वांत स्पष्ट दिसते, ती रचना आजही जागेवर आहे. तिची निगा राखणे हे रायगडाच्या जतनातील पहिले कार्य होय.