मांजर सूड उगवत नाही

“आम्ही चार दिवस गावाला गेलो, म्हणून मनीने रागाने गादीवर शू केली.” मांजर पाळणाऱ्या घरांत हे निदान कधी ना कधी होतंच, आणि शिक्षाही ठरलेली असते: नाक ओल्या जागेवर घासायचं, वर एक चापट. पण सूड घ्यायचा तर मालक परत येईल, गादी बघेल, चिडेल, असा बेत आधी रचावा लागतो. मांजर असले बेत रचतं याला काही पुरावा नाही. शू-शीसाठी ठेवलेल्या टबाबाहेर शू करण्याची कारणं बरीच साधी असतात आणि आधी तपासायचं ते आजारपण.

मूत्राशयाची सूज, लघवीतले खडे, किडनीचा विकार, मधुमेह, म्हातारपणी सांधेदुखीमुळे टबात चढता न येणं, यांपैकी काहीही असू शकतं. शू करताना आग झाली की मांजराच्या लेखी टब हीच दुखण्याची जागा ठरते आणि ते दुसरी, मऊ जागा शोधतं. तरुण मांजरांत ही सूज पुष्कळदा जंतूंमुळे नव्हे, तर ताणाने उसळते. घरात पाहुणे, रंगकाम, नवं मांजर, रिकामं घर, काहीही पुरतं. म्हणजे गावाला जाणं आणि ओली गादी यांचा संबंध असतो. फक्त मध्ये सूड नसून मूत्राशय असतं.

बोक्याच्या बाबतीत तर जास्तच सावध राहायला हवं. त्याची मूत्रनलिका अरुंद असते. तो सारखा टबात जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो आणि थेंबही येत नाही, तेव्हा ‘पोट साफ होत नसेल’ म्हणून लोक थांबतात. नलिका तुंबली असेल तर एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. मध्यरात्र असली तरी दवाखाना गाठायचा. आणि घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही द्यायची नाही. मांजराला ती विष आहे.

तब्येत ठीक निघाली, तर टबाकडे बघा. आपल्या फ्लॅटमध्ये तो वॉशिंग मशीनला खेटून असतो, वर झाकण आणि आत लव्हेंडरच्या वासाचं लिटर. ही सोय आपल्या नाकाची. बहुतेक मांजरांना बारीक, बिनवासाचं लिटर, अंगाच्या दीडपट लांबीचा टब आणि रोजची सफाई लागते. टब किती? मांजरं जितकी, त्याहून एक जास्त. वन बीएचकेत राहणाऱ्याला याचं हसू येईल, पण दोघांत एकच टब असला की एक मांजर वाटेत नुसतं बसून दुसऱ्याला अडवतं. ना गुरगुर, ना पंजा, त्यामुळे आपल्याला पत्ताच लागत नाही.

मग येतं फिनेल. डाग दिसला की फिनेल ओतणं ही आपली जुनी सवय. त्यातले फिनॉल मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाहीत आणि पंजे चाटताना ते थेट पोटात जातात. अमोनियाचा क्लीनर तर उलटाच पडतो, कारण त्याचा वास लघवीच्या वासाशी जुळतो. एन्झाइम असलेला क्लीनर वापरावा.

उभं राहून, शेपटी थरथरवत भिंतीवर उडवलेली शू हे वेगळं प्रकरण. ती हद्दीची खूण आहे. नसबंदीने बहुतेक बोक्यांची ही सवय सुटते. ‘मांजरीला एकदा वेत होऊ द्यावं, मग ऑपरेशन’ या सल्ल्याला वैद्यकीय आधार नाही. चार-पाच महिन्यांची मांजरीसुद्धा गाभण राहू शकते.

सोफा ओरबाडणं ही खोडी नाही. नखांवरचा जुना पापुद्रा निघतो, पाठ ताणली जाते, पंजातल्या ग्रंथींचा वास मागे राहतो. पूर्ण ताणून उभं राहता येईल एवढा उंच, न डगमगणारा खांब काथ्याच्या दोरीने गुंडाळून सोफ्याशेजारीच ठेवावा. मागच्या बाल्कनीत ठेवलेला खांब नवाकोरा राहतो, सोफा नाही.

चापट आणि पाण्याचा फवारा यांतून मांजर इतकंच शिकतं की हा माणूस धोक्याचा आहे. वर ‘मांजर घराला जीव लावतं, माणसाला नाही’ हेही आपण ऐकवतो. अमेरिकेतल्या ऑरेगॉन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात सुमारे 64 टक्के पिल्लांचं पाळणाऱ्या माणसाशी सुरक्षित नातं आढळलं. माणूस परत खोलीत आला की ती निवांत होऊन पुन्हा खेळायला लागत.

कुरवाळताना अचानक चावणंही सहसा अचानक नसतं. आधी शेपटीचं टोक आपटतं, पाठीची कातडी थरथरते, कान मागे वळतात. तिथेच हात काढायचा. चावलंच, तर जखम साबणाच्या वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवून डॉक्टरकडे जायचं. रेबीज मांजरामुळेही होतो.

राहता राहिली पहाटेची आरडाओरड. संधिप्रकाश ही मांजराची शिकारीची वेळ, तेव्हा जाग येणारच. झोपण्याआधी दहा मिनिटं दोरीमागे पळवावं आणि मग जेवण द्यावं. पहाटे ओरडल्यावर उठून वाटी भरायची नाही. सुरुवातीला आवाज वाढेल, शेजारी दार वाजवतील. त्यांना आधीच सांगून ठेवलेलं बरं. मात्र म्हातारं मांजर अचानक रात्री ओरडू लागलं, तर थायरॉइड आणि रक्तदाब तपासून घ्यावा.