मज्जारज्जू वाचवायचा, पण केव्हा?

वाशीम जिल्ह्यातील कामरगावसारख्या गावात कोणी झाडावरून पडला आणि त्याचे पाय हलेनासे झाले, तर घरच्यांचा पहिला प्रश्न असतो, "यावर औषध नाही का?" आम्हा संशोधकांना त्याच्याच जोडीला दुसरा प्रश्न पडतो : ते औषध केव्हा द्यायचे?

मज्जारज्जूच्या पुढील सुमारे दोन-तृतीयांश भागाला एकाच लांबट रोहिणीतून रक्त मिळते. कमरेकडे तिला महारोहिणीकडून येणाऱ्या एका मोठ्या शाखेचा आधार असतो. या शाखेचे वर्णन आल्बर्ट अ‍ॅडमकिविच यांनी १८८२ मध्ये केले. सतराव्या शतकात निल्स स्टेन्सन यांना आढळले होते, की प्राण्याच्या पोटातील महारोहिणी बांधली तर मागचे पाय लुळे पडतात. दोष स्नायूंपेक्षा मज्जारज्जूत असतो, हे पुढे कळले.

रक्त थांबताच काय होते? ऑक्सिजन संपतो आणि काही मिनिटांत पेशीतील एटीपी आटते. चेतापेशींतून ग्लुटामेट बाहेर सांडते आणि त्यामुळे कॅल्शियम आत घुसते. ही पहिली पायरी. रक्त पुन्हा सुरू झाले की अचानक आलेल्या ऑक्सिजनपासून घातक मुक्त मूलके तयार होतात. ही दुसरी. त्यानंतर काही तास ते काही दिवस दाह चालतो आणि वाचलेल्या पेशींपैकी काही हळूहळू मरतात. ही तिसरी.

म्हणजे ग्लुटामेट रोखणारे औषध आधीच रक्तात हवे, मुक्त मूलके टिपणारे रक्त परतताना हवे आणि दाह कमी करणारे नंतर. पऱ्हाटी वाळल्यावर दिलेले पाणी पाणीच असते, पण त्याचा उपयोग नसतो. म्हणूनच प्रयोगशाळेत एकच औषध रक्त थांबण्यापूर्वी, ते परतताना आणि काही तासांनी असे वेगवेगळ्या वेळी देऊन पाहावे लागते. आधी दिल्यावर गुणकारी ठरलेले औषध नंतर निरुपयोगी ठरू शकते.

महारोहिणीच्या शस्त्रक्रियेत रक्त केव्हा थांबणार हे आधी ठाऊक असते. त्यामुळे शरीर थंड करून पेशींची ऑक्सिजनची गरज घटवता येते, रक्तदाब राखता येतो आणि मज्जारज्जूभोवतीचा द्रव काढून त्यावरील दाब कमी करता येतो. अपघात मात्र सांगून येत नाही. तिथे 'आधी' ही वेळच हातात नसते.

अपघातात मज्जारज्जूला मार बसतो, सूज येते आणि रक्तपुरवठाही घटतो. १९९० मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने सांगितले, की मिथिलप्रेडनिसोलोन ८ तासांच्या आत दिल्यास थोडा फायदा होतो. जगभर ते वापरले गेले. पण हा फायदा रुग्णांचे वेळेनुसार गट पाडल्यावरच दिसला होता, आणि मोठ्या मात्रेमुळे जंतुसंसर्ग व रक्तस्राव यांचा धोका होता. २०१३ मध्ये अमेरिकेतील मेंदूशल्यविशारदांच्या संघटनांनी ते देऊ नये असे सुचविले. वेळ गाठली तरी औषधही योग्य असावे लागते.

मग कामरगावच्या शाळेत काय शिकवावे? पडलेल्या माणसाला उठवून बसवू नये, मान व पाठ वळू देऊ नये, १०८ क्रमांकाला फोन करावा. गावापासून अकोला किंवा अमरावतीच्या मोठ्या रुग्णालयात पोचायला किती वेळ लागतो, हे विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष शोधून काढावे. त्या मिनिटांशेजारी वरच्या तीन पायऱ्या लिहून पाहाव्यात. कोणती पायरी आपल्या हाताबाहेर गेली आणि कोणती अजून हाती आहे, हे त्यांना स्वतःच दिसेल.